बुळकांडी संपली, ती कशी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जमीन, मजुरी, सहकार, पंचायत राज्य अशा विषयांच्या रांगेत गुरांच्या रोगाचा आणि एका पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाच्या जीवनकार्याचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. गुरांचे आजार ही दवाखान्याची बाब, राजकारणाची नव्हे, अशी आपल्या चळवळीत एक समजूत आहे. ज्या देशात लहान शेतकऱ्याचे सारे भांडवल दावणीला बांधलेले असते, त्या देशात ही समजूत बाळगणे आपल्याला परवडणारे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब मांडताना त्यांनी बैलांचा आणि गायरानांचा हिशेब सोडला नव्हता. तो आपण का सोडावा?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. २०११ च्या मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेने, आणि पाठोपाठ जूनमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने, बुळकांडी हा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाने आपल्या प्रयत्नाने समूळ नष्ट केलेले रोग आजवर दोनच. पहिला देवी, तिच्या निर्मूलनाची घोषणा १९८० मध्ये झाली. दुसरा बुळकांडी. देवीच्या निर्मूलनाची कथा आपण शाळेतल्या मुलांना सांगतो. बुळकांडीची कथा मात्र ज्यांची गुरे तिच्यामुळे वाचली, त्यांच्याही कानांवर फारशी गेलेली नाही.

आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी हा रोग पाहिलेला नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. जनावराला सणसणून ताप येई, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव वाहू लागे, तोंडात व्रण पडत, आणि मग पातळ, दुर्गंधीयुक्त हगवण सुरू होई. बुळकांडी या नावातच ते लक्षण आले आहे. अंगातले पाणी संपून बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत मरत. ज्या कळपात रोग पूर्वी कधी आलेला नसे, तेथे शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे जात. हा रोग विषाणूपासून होतो हे १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निकोल आणि आदिल बे या दोघांनी दाखवून दिले. माणसाला होणाऱ्या गोवराच्या विषाणूचा हा अगदी जवळचा नातेवाईक.

अशा रोगाने समाजाचे काय होते, याचा सर्वांत भीषण दाखला आफ्रिकेचा आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला, आणि दहा वर्षांच्या आत दक्षिणेच्या टोकापर्यंत पोहोचला. इथिओपियात बैल मेले, नांगर थांबले, आणि १८८८ ते १८९२ या काळात तेथे महाभयंकर दुष्काळ पडला. पूर्व आफ्रिकेतील मसाई लोक त्या काळाला सर्वनाश या अर्थाच्या ‘एमुताई’ या शब्दाने ओळखतात. दक्षिणेत कळप नाहीसे झालेल्या माणसांना गोऱ्यांच्या खाणींवर आणि मळ्यांवर मजुरीला जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. भांडवलशाहीला हात हवे होते. ते बंदुकीने मिळाले, करांनी मिळाले, तसे गुरांच्या मरणानेही मिळाले. ज्याचे जनावर गेले तो मजूर झाला, हे सूत्र आपल्या गावांनाही अनोळखी नाही.

आपल्या देशातही हा रोग शतकानुशतके ठाण मांडून होता. इंग्रज सरकारने १८८९ मध्ये गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा काढली, ती आपल्या पुण्यात. इतके संसर्गजन्य जंतू भरवस्तीत हाताळणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका बकऱ्यातून दुसऱ्या बकऱ्यात असा पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस तयार केली. तिने आपल्या देशी गुरांचे फार मोठे रक्षण केले. तथापि तिच्यात दोष होते. विदेशी आणि संकरित जनावरांना ती जड जाई, काही जनावरे लसीनेच आजारी पडत, आणि बकऱ्याच्या अवयवांपासून लस करायची म्हटल्यावर तिच्याबरोबर इतर रोगजंतू जाण्याचीही धास्ती असे. त्यापेक्षा सौम्य, शुद्ध आणि स्वस्त लस हवी होती.

ती ज्याने दिली त्या वॉल्टर प्लाउराइट यांची आता ओळख करून घेऊ. त्यांचा जन्म १९२३ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, होल्बीच येथे झाला. १९४४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून ते पशुवैद्यकाचे पदवीधर झाले. काही काळ लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात आणि नंतर कॉलेजात अध्यापन करून १९५० मध्ये ते वसाहतींच्या पशुवैद्यकीय सेवेत दाखल झाले. केनिया, मग नायजेरियातील व्होम, आणि १९५६ पासून नैरोबीजवळच्या मुगुगा येथील पूर्व आफ्रिकी पशुवैद्यकीय संशोधन संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुगुगा येथे ते १९७१ पर्यंत राहिले. या पंधरा वर्षांत तेथील झेंडा बदलला; केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. प्रयोगशाळेतले काम मात्र चालू राहिले.

त्यांनी केले ते असे. विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही, म्हणून पूर्वी त्याला वाढवायला जिवंत जनावरच लागे. १९४९ मध्ये अमेरिकेत एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत वाढविलेल्या पेशींवर जोपासून दाखविला, आणि विषाणूशास्त्राचे दार उघडले. ती वाट प्लाउराइट यांनी गुरांच्या रोगाकडे वळविली. आर. डी. फेरिस या सहकाऱ्यासह त्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी नळ्यांत वाढविल्या आणि त्यांवर बुळकांडीचा ‘कबेटे ओ’ हा विषाणू सोडला. तो वाढला की त्याचा अंश घेऊन नव्या पेशींवर सोडावयाचा, पुन्हा वाढला की पुन्हा नव्या पेशींवर. अशा सुमारे नव्वद पिढ्या झाल्या. काचेतल्या सुखवस्तू आयुष्याला सरावलेला तो विषाणू गुराला आजारी पाडण्याची शक्ती गमावून बसला, पण गुराच्या शरीराला खऱ्या शत्रूची ओळख करून देण्याची त्याची शक्ती शाबूत राहिली.

ही लस गुरांवर कशी चालते, हे त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. घाई त्यांनी केली नाही. लस दिलेल्या गुराकडून शेजारच्या गुराला काही लागते का, गाभण गाईला ती चालते का, काही वर्षांनी पुन्हा जहाल विषाणू टोचला तर जनावर टिकते का, हे सारे एकामागून एक तपासले गेले. एकदा टोचलेले जनावर प्रायः जन्मभर सुरक्षित राहते, असे दिसून आले. बुळकांडीच्या विषाणूच्या निरनिराळ्या जाती असल्या तरी सर्वांवर ही एकच लस चालते. बरे झालेले जनावर रोग पोटात बाळगून हिंडत नाही, आणि जनावराच्या शरीराबाहेर विषाणू फार काळ तगत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून निर्मूलन शक्य झाले. लाळ्या-खुरकुताचे असे नाही. त्याच्या विषाणूचे प्रकार अनेक, प्रतिकारशक्ती अल्पकाळ टिकणारी, म्हणून तो अजून आपल्या मानगुटीवर आहे.

प्लाउराइट यांच्या कामाची दुसरी बाजू आपल्याला अधिक विचार करायला लावणारी आहे. पूर्व आफ्रिकेत गुरांना एक जीवघेणा सर्दी-तापाचा रोग होई. मसाई गुराख्यांचे म्हणणे असे की, नू नावाच्या रानपशूंचे कळप विण्याच्या दिवसांत जेथे असतात, तेथे गुरे चारली की हा रोग होतो. म्हणून त्या दिवसांत ते आपली गुरे दूर नेत. प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नू या प्राण्याच्याच रक्तातून त्या रोगाचा विषाणू वेगळा काढला आणि १९६० मध्ये ते प्रसिद्ध केले. गुराख्यांनी अनुभवाने जे ओळखले होते, त्यावर विज्ञानाने कारणासह शिक्कामोर्तब केले. डुकरांना होणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या बाबतीतही, वॉर्टहॉग या आफ्रिकी रानडुकरांच्या बिळांतल्या गोचिडी विषाणू बाळगून असतात, हे त्यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखविले. हा रोग २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आपल्या आसाम-अरुणाचलात पोहोचला, तेव्हा त्या जुन्या कामाचे महत्त्व पुन्हा ध्यानात आले.

पुढे ते लंडनला आपल्याच कॉलेजात प्राध्यापक झाले, नंतर कॉम्प्टन येथील संशोधन संस्थेत विभागप्रमुख होऊन १९८३ मध्ये निवृत्त झाले. १९८१ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. निर्मूलनाची घोषणा झाली ती पुढच्या वर्षी. ती ऐकायला ते राहिले नाहीत.

येथे कोणी विचारील, साम्राज्याच्या नोकरीतल्या एका इंग्रजाचे हे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. वसाहतींचा पशुवैद्यकीय विभाग हा काही परोपकारासाठी काढलेला नव्हता. केनियात गोऱ्या मळेवाल्यांच्या गुरांचे रक्षण हा त्याचा पहिला हेतू होता, आणि रोगबंदीच्या नावाखाली आफ्रिकी पशुपालकांच्या गुरांना बाजारापासून वर्षानुवर्षे दूर ठेवण्यात आले. हे विसरता कामा नये. परंतु साम्राज्याने ज्ञान वापरले म्हणून ज्ञान साम्राज्याचे होत नाही. मुगुगाच्या लसीचे बीज पुढे स्वतंत्र झालेल्या अनेक राष्ट्रांच्या सरकारी प्रयोगशाळांत पोहोचले, आपल्या देशातही पोहोचले, आणि तेथे तेथे लस तयार झाली. शिवाय त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे, गुरे सांभाळणारे, जहाल रोगाने तडफडणाऱ्या जनावरांच्या गोठ्यात रात्र काढणारे आफ्रिकी कामगारही होतेच. शोधनिबंधांवर त्यांची नावे नसतात. व्यक्तिपूजेचे आपल्याला वावडे आहे. ते येथेही असावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लस सापडली १९६२ च्या सुमारास. रोग संपला २०११ मध्ये. मधली पन्नास वर्षे कोठे गेली? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या कामाचा सारा धडा आहे.

१९६२ मध्येच आफ्रिकेत बावीस देशांची एक संयुक्त मोहीम सुरू झाली आणि ती १९७६ पर्यंत चालली. कोट्यवधी गुरांना लस टोचली गेली. रोग इतका हटला की तो जवळपास संपल्यासारखा वाटू लागला. मग काय झाले? पैसा आटला, पथके मोडली, लसीकरण ढिले पडले, आणि कोपऱ्यात दबा धरून राहिलेला रोग १९८०च्या दशकात वणव्यासारखा परत आला. १९८३ मध्ये एकट्या नायजेरियात सुमारे पाच लाख गुरे मेली. लस तीच होती, तितकीच चांगली होती. अपुरे पडले ते संघटन. विजय जवळ आला की सरकारांचा उत्साह ओसरतो, आणि शेवटची थोडी गुरे, जी सर्वांत दूरच्या, सर्वांत गरीब, सर्वांत दुर्लक्षित माणसांची असतात, ती तशीच राहून जातात. रोगाला तेवढा आधार पुरतो.

ती शेवटची गुरे होती सुदान, इथिओपिया, युगांडाच्या वाळवंटी आणि युद्धग्रस्त मुलखांत. तेथे वीज नाही, बर्फ नाही, रस्ते नाहीत. प्लाउराइट यांची लस गोठवून वाळविलेली असली तरी ती थंड ठेवावी लागे. अमेरिकेतील जेफ्री मॅरिनर यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तीच लस अशा रीतीने वाळविली की ती शीतपेटीवाचून महिनाभर टिकावी. आणि मग खरा बदल झाला. सरकारी डॉक्टर जेथे जाऊ शकत नव्हता किंवा जात नव्हता, तेथे गुराख्यांमधूनच माणसे निवडून त्यांना लस टोचायला शिकविण्यात आले. लिहिता-वाचता न येणारी ही माणसे होती, पण कोणाची गुरे कोठल्या पाणवठ्यावर कोणत्या महिन्यात येतात, कोणत्या कळपात कसला आजार आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. ‘अशिक्षितांच्या हाती सुई देऊ नका’ असा शिकलेल्यांचा विरोध झालाच. तथापि जेथे वर्षानुवर्षे लस पोहोचली नव्हती तेथे ती याच माणसांनी पोहोचविली. २००१ मध्ये केनियातील रानरेड्यांमध्ये या रोगाचे अखेरचे दर्शन झाले. त्यानंतर तो कोठेही आढळला नाही.

आपल्या देशाची कथाही याच वळणाची आहे. १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या काही वर्षांत लागण झपाट्याने खाली आली, आणि मग तेथेच अडकली. बाजारांतून, सीमांवरून, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडणाऱ्या गुरांबरोबर आणि दक्षिणेत शेळ्यामेंढ्यांबरोबर रोग फिरतच राहिला. १९९०च्या दशकात कार्यक्रमाची नव्याने आखणी झाली. जेथे रोग होता तेथे कसून लसीकरण, सीमेवर तपासणी, आणि त्यापुढचा अवघड टप्पा म्हणजे गावोगाव फिरून रोगाचा शोध. १९९५ मध्ये तामिळनाडूत देशातला शेवटचा उद्रेक झाला. मग लसीकरण थांबविण्याचे धाडस करावे लागले. कारण लस चालू असेल तर रोग लसीने दबला आहे की खरोखर गेला आहे, हे कळतच नाही. लस थांबवून, डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवून, २००६ मध्ये भारत या संसर्गापासून मुक्त ठरला. हे काम कोणी केले? जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, सायकलवर लसीची पेटी बांधून वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांनी, आणि ‘आमच्या गावात अमक्याची म्हैस आजारी आहे’ असे वेळेवर सांगणाऱ्या शेतकऱ्यांनी. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे आळस आणि उधळपट्टी, असे जे आपल्याला उठल्यासुटल्या ऐकविले जाते, त्याला हे एक सज्जड उत्तर आहे.

कोणत्याही कंपनीने नफ्यासाठी बुळकांडी संपविली असती काय? विचार करा. रोग संपला की लसीचा ग्राहक संपतो. ज्या मालाचे यश म्हणजे स्वतःची बाजारपेठ बुडविणे, तो माल बाजाराच्या नियमाने शेवटच्या गुरापर्यंत जाणार नाही. खाजगी कारखान्यांनी लस करू नये असे माझे म्हणणे नाही. निर्मूलनाचे ध्येय आणि त्याची जबाबदारी मात्र समाजालाच उचलावी लागते, एवढे या इतिहासाने सिद्ध केले आहे.

हा इतिहास संपलेला नाही. २०१९ मध्ये ओडिशात लम्पी त्वचारोग आला आणि २०२२ मध्ये त्याने आपल्या राज्यासह निम्म्या देशाला हैराण केले. त्या वेळी हाताशी असलेली शेळ्यांच्या देवीची लस वापरून महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. हिस्सार आणि इज्जतनगर येथील आपल्या सरकारी संशोधन संस्थांनी त्याच वर्षी लम्पीची खास लस तयार केली, आणि ती पुण्यात औंध येथील राज्याच्या लसनिर्मिती संस्थेत करण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला. पुण्यात १८८९ मध्ये लावलेले रोप या ना त्या रूपाने जिवंत आहे, याचा आनंद वाटतो. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग, बुळकांडीचाच भाऊबंद, २०३० पर्यंत जगातून घालविण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१५ मध्ये सोडला आहे. शेळी हे भूमिहीनाचे आणि एकट्या बाईचे धन आहे. ज्यांच्याकडे गाय नाही, त्यांच्याही दारापर्यंत ही लढाई आता आली आहे.

मग आपण करावयाचे काय? मी तीन साध्या गोष्टी सुचवितो. एक, आपापल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तेथे डॉक्टरची जागा भरलेली आहे का, लसीचा फ्रीज चालू आहे का, वीज गेली तर लसीचे काय होते, पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस आली का आणि ती डोंगरावरच्या धनगरवाड्यापर्यंत गेली का, हे पाहा, लिहून ठेवा आणि पंचायत समितीच्या सभेत मांडा. दोन, लसीबद्दल गावात गैरसमज असतील, दूध आटते, गाभण गाय टाकते अशी भीती असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. शेतकऱ्याची भीती त्याच्या एकुलत्या एका गाईएवढी मोठी असते. डॉक्टरला गावात आणा आणि समोरासमोर बोलणे घडवा. तीन, मेंढपाळ, गवळी, शेळ्या राखणाऱ्या बाया यांना काय ठाऊक आहे ते विचारा. नूच्या कळपापासून गुरे दूर नेणाऱ्या मसाईंना प्रयोगशाळेच्या आधीच काही उमगले होते. आपल्याकडच्या माणसांनाही उमगलेले असते. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

वॉल्टर प्लाउराइट यांनी विषाणूच्या नव्वद पिढ्या काचेच्या नळ्यांत जोपासल्या. एकेक पिढी, एकेक नळी, नोंद, पुन्हा नळी. त्यात रोमहर्षक असे काही नव्हते. गावात पक्षाची शाखा चालविण्याच्या कामातही नसते. पण अशा बिनआवाजाच्या, न कंटाळता केलेल्या कामानेच हजारो वर्षांचा एक शत्रू पृथ्वीवरून गेला, आणि आज गोठ्यात नांदणाऱ्या कोणत्याही गाईला त्याची भीती उरलेली नाही. उरलेले शत्रू पुष्कळ आहेत. कुपी प्रयोगशाळा देईल. ती शेवटच्या दावणीपर्यंत नेण्याचे काम आपले आहे.